शैली न लादणारे गुरू : नारायण श्रीधर बेंद्रे

बारावीचा निकाल लागला की गोव्यातील काही घरांत दरवर्षी एकच वाद झडतो. मुलीचा किंवा मुलाचा हात चांगला असतो, वह्यांच्या मागच्या पानांवर वर्षानुवर्षे चित्रे उमटलेली असतात, आणि आता आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा हट्ट सुरू होतो. वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : चित्रे काढून पोट भरणार आहे काय? मग घरातील कोणीतरी मध्यस्थी करतो आणि सांगतो की तिथे विद्यापीठाची रीतसर पदवी मिळते. पदवी हा शब्द उच्चारला गेला की निम्मा वाद मिटतो.

चित्रकला हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. पाऊण शतकापूर्वी ती तशी नव्हती. सांगेचे आंतोनियु शावियेर त्रिंदाद असोत, साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा असोत किंवा मडगावचे लक्ष्मण पै असोत, गोव्याच्या ह्या कलावंतांना शिकण्यासाठी मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठावे लागले. तेथे मिळत असे ती पदविका. त्रिंदाद पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले, तर सोझांना १९४५ साली तिच्यातून काढून टाकण्यात आले. विद्यापीठ मात्र साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्यासाठी होते. चित्रकाराची गणना कारागिरांत होत असे, आणि त्याची शाळा विद्येच्या मुख्य वाड्याबाहेरच्या पडवीत असे.

त्या पडवीतून चित्रकलेला मुख्य वाड्यात आणणाऱ्या मोजक्या लोकांत एका मराठी माणसाचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. ते म्हणजे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे. त्यांची चित्रे संग्रहालयांत आहेत आणि लिलावांतही त्यांना मोठी मागणी असते. परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दूरगामी काम कॅनव्हासवर झालेले नाही. ते एका विद्यापीठाच्या वर्गांत झाले, आणि त्या कामाची किंमत त्यांना चित्रकार म्हणून मोजावी लागली.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. त्या काळचे इंदूर ही होळकरांची राजधानी. दरबारात, कचेऱ्यांत आणि शाळांत मराठी भाषेचा वावर होता. पुण्याकडून आलेली अनेक कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली होती. अशा शहरात १९२७ साली संस्थानची चित्रशाळा सुरू झाली आणि तिची सूत्रे दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाती आली. देवळालीकर स्वतः जे. जे.चे विद्यार्थी. पण मुंबईची शिकवण जशीच्या तशी माळव्यात आणून ठेवण्यात त्यांना रस नव्हता.

त्या काळातील कलाशिक्षणाचा मोठा भाग बंद खोलीत होत असे. प्लास्टरचे पुतळे, काळजीपूर्वक मांडलेली भांडी, एका बाजूने येणारा उजेड आणि दिवसेंदिवस घोटून काढलेली छटा, असा तो क्रम होता. देवळालीकरांनी विद्यार्थ्यांना उन्हात नेले. जाड ब्रश हातात घ्यायचा, रंग पॅलेटवर फार न कालवता कागदावर शेजारी शेजारी ठेवायचे, आणि ऊन सरकण्याच्या आत चित्र उभे करायचे, ही त्यांची तालीम होती. उन्हात सावली काळी नसते, तिला जांभळा किंवा निळा रंग असतो, हे मुलांना पुस्तकातून न शिकता भर दुपारच्या गल्लीत उभे राहून कळले. बेंद्रे यांच्या हातात जो वेग आला आणि नजरेत जो उजेड आला, तो ह्या तालमीतून. पुढे इंदूरच्या निसर्गचित्रांची एक वेगळी ओळख कलाजगतात निर्माण झाली, तिचे मूळ येथे आहे.

देवळालीकरांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे पाहिली तर आश्चर्य वाटते. बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर आणि काही काळ मकबूल फिदा हुसेन. जोशी माळवा-निमाडच्या निसर्गात आणि माणसांत रमले. चिंचाळकर गुरुजींनी पुढे वाळकी पाने, काटक्या आणि टाकाऊ वस्तू यांतून रूपे शोधली. हुसेन कोठल्या कोठे गेले, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. एकाच गुरूचे चार शिष्य चार वाटांनी गेले. गुरूने आपला ठसा न उमटवता शिष्याला घडवता येते, हे बेंद्रे यांनी प्रथम स्वतःच्या शाळेत पाहिले असावे.

मात्र ह्या चित्रशाळेला एक मर्यादा होती. तिला शिकवता येत होते, पण तिच्या शिक्षणावर मान्यतेची मोहोर उमटत असे ती मुंबईच्या सरकारी पदविकेची. त्या परीक्षेसाठी इंदूरच्या मुलांना मुंबईकडे पाहावे लागे. तो प्रवास सोपा नव्हता. इंदूरहून मीटरगेजची गाडी महूचा घाट उतरून, नर्मदा ओलांडून खांडव्याला येई. तेथे उतरून मुंबईची मोठी गाडी धरायची. खांडवा सुटले की असीरगडाचे डोंगर, आणि ते मागे पडले की लालबाग.

लालबाग म्हणजे बऱ्हाणपूरचा तो भाग, जेथे त्या शहराचे रेल्वे स्थानक आहे. मुख्य शहर तेथून काही अंतरावर, तापीच्या काठी. ह्याच बऱ्हाणपुरात १६३१ साली मुमताज महलचा मृत्यू झाला. तेथील मोगल हमामाच्या घुमटाखाली त्या काळची रंगीत नक्षी अजून दिसते. लालबागेच्या परिसरात कुंडी भंडारा नावाची सतराव्या शतकाच्या प्रारंभीची पाणीयोजना आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणले गेले आणि त्या भुयारावर ओळीने शंभराच्या वर कुंड्या बांधण्यात आल्या. वरून पाहणाऱ्याला त्या सुट्या सुट्या विहिरी वाटतात. खालून वाहणारे पाणी एकच असते.

इंदूरकराच्या दृष्टीने लालबागेचे स्थानक म्हणजे माळवा-निमाडचा निरोप. पुढे खानदेश आणि भुसावळ, मग घाट आणि मुंबई. इंदूर ते मुंबई हे अंतर सुमारे ७०० किलोमीटरचे. एखाद्या संस्थानी शहरातील होतकरू मुलाला आपली कला सिद्ध करण्यासाठी एवढ्या दूरच्या मुंबईकडे डोळे लावून बसावे लागे, आणि तेथूनही हाती येई ती पदविकाच. पणजी किंवा मडगावहून मुंबईला निघालेल्या गोमंतकीय मुलाची स्थिती वेगळी नव्हती. त्याला तर पोर्तुगिजांच्या राज्यातून इंग्रजांच्या राज्यात जावे लागत असे. शिकण्याचे ठिकाण एक, मान्यतेचे दुसरे आणि पोटापाण्याचे तिसरेच, अशी ती विभागणी होती. बेंद्रे यांनी १९३३ साली ती पदविका मिळवली.

ह्याच सुमाराचा एक प्रसंग हुसेन पुढे सांगत असत. इंदूरच्या परिसरात बेंद्रे आणि तरुण हुसेन यांची भेट बाहेर चित्रे काढताना झाली. हुसेन यांचे काम पाहून बेंद्रे इतके प्रभावित झाले की त्यांनी हुसेन यांच्या वडिलांची गाठ घेऊन मुलाला चित्रकलेच्या वाटेने जाऊ द्यावे, असे समजावले. बेंद्रे स्वतः तेव्हा विशीच्या पहिल्या काही वर्षांत होते. नाव नव्हते, पैसा नव्हता. तरीही एका मध्यमवर्गीय बापासमोर बसून चित्रकलेची बाजू मांडण्याचे धैर्य त्यांच्यात होते. शिक्षकाची वृत्ती त्यांच्यात शिक्षकाच्या नेमणुकीपूर्वी कितीतरी आधी होती, असे ह्या प्रसंगावरून म्हणता येते.

पदविका मिळाली, पण स्थैर्य मिळाले नाही. पुढची सुमारे पंधरा वर्षे भ्रमंतीत गेली. १९३६ ते १९३९ ह्या काळात ते काश्मीरमध्ये तेथील प्रवासी विभागासाठी चित्रकार म्हणून काम करीत होते. श्रीनगरच्या झेलमेवरचे पूल, नौका, बाजार आणि बर्फाळ उजेड ह्यांनी त्यांची निसर्गचित्रे समृद्ध झाली. तेथून ते थेट मद्रासला गेले आणि चित्रपटांच्या कलादिग्दर्शनाचे काम त्यांनी केले. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९४१ साली त्यांना सुवर्णपदक दिले. त्या काळात चित्रकाराला लाभणारा हा मोठाच मान होता.

१९४५ साली ते काही काळ शांतिनिकेतनात राहिले. हा मुक्काम त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरला. नंदलाल बसू, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज ही तिन्ही माणसे तेथे काम करीत होती. रवींद्रनाथांनी १९२१ साली स्थापन केलेल्या विश्वभारतीत कलाभवन हा एक स्वाभाविक विभाग होता. तेथे चित्र काढणारा विद्यार्थी आणि भाषा शिकणारा विद्यार्थी एकाच झाडाखाली बसत. रामकिंकरांची सिमेंट-खडीची शिल्पे उघड्यावर उभी होती, बिनोदबिहारींची भित्तिचित्रे राहत्या इमारतींवर होती. कला ही रोजच्या विद्याभ्यासाचा भाग असू शकते, तिला वेगळ्या कुंपणात ठेवावे लागत नाही, हे बेंद्रे यांनी तेथे जवळून पाहिले.

त्यानंतर १९४७-४८ मध्ये त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला. न्यू यॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये मुद्राचित्रणाचा अभ्यास केला. त्याच शहरात १९४८ साली त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. परतीच्या वाटेवर युरोपातील संग्रहालये त्यांनी पाहिली. सेझान, मातिस, ब्राक, पिकासो ही नावे तोवर भारतातील बहुतेक विद्यार्थ्यांसाठी पुस्तकातील लहान, काळ्यापांढऱ्या छायाचित्रांपुरती होती. बेंद्रे यांनी ती चित्रे मूळ आकारात आणि मूळ रंगांत पाहिली. उघड्यावरचे इंदूर, शांतिनिकेतनची आश्रमवृत्ती आणि पश्चिमेचा आधुनिकवाद असे तिन्ही अनुभव एका माणसात जमा झाले होते. आता त्यांचा उपयोग करणारी जागा हवी होती.

ती जागा बडोद्यात तयार होत होती. कलेचे हे शहर अचानक जन्मले नव्हते. सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्याला बोलावून राजवाड्यासाठी चित्रे करून घेतली होती. त्यांनीच १८९० साली कलाभवन नावाची तंत्रशिक्षणाची संस्था काढली. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. पुढे कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बसूंनी भित्तिचित्रे रंगवली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. हंसाबेन मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या, आणि नव्या विद्यापीठात ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा हवी, हा विचार त्यांच्या कारकिर्दीत प्रत्यक्षात उतरला. १९५० साली ही विद्याशाखा सुरू झाली. मार्कंड भट्ट तिचे पहिले अधिष्ठाता. शिल्पकलेसाठी शंखो चौधुरी आले. चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून बेंद्रे आले. पुढच्याच वर्षी के. जी. सुब्रमण्यन दाखल झाले.

स्वतंत्र भारतातील हा एक धाडसी प्रयोग होता. ललित कलांचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाच्या पूर्ण विद्याशाखेत द्यायचे, म्हणजे अनेक अवघड प्रश्न अंगावर घ्यायचे. चित्राला गुण कसे द्यायचे? उत्तरपत्रिकेत बरोबर-चूक असते, चित्रात काय असते? अभ्यासक्रम किती बांधायचा आणि किती मोकळा सोडायचा? विद्यार्थ्याने तंत्र आधी शिकावे की स्वतःचे म्हणणे आधी शोधावे? इतर विद्याशाखांतील प्राध्यापकांना हे सारे मान्य होईल काय? यांतील एकाही प्रश्नाचे तयार उत्तर देशात कोठे उपलब्ध नव्हते.

बडोद्याने जी उत्तरे शोधली, त्यांतील एक म्हणजे कलेच्या इतिहासाला मिळालेले स्थान. चित्र काढणाऱ्याने चित्रांविषयी वाचले पाहिजे, विचार केला पाहिजे, लिहिले पाहिजे, असा आग्रह तेथे धरला गेला. अजिंठ्याची रेषा, राजस्थानी लघुचित्रांतील सपाट रंग, युरोपातील प्रबोधनकाळ आणि विसाव्या शतकातील घनवाद हे सारे एकाच विद्यार्थ्याच्या कक्षेत आले. दुसरे उत्तर म्हणजे माध्यमांमधील भिंती सैल करणे. चित्रकाराने मातीत हात घालावा, शिल्पकाराने रेखाटन करावे, दोघांनी मुद्राचित्रणाची यंत्रे वापरून पाहावीत. तिसरे उत्तर मात्र नियमावलीत लिहिता येण्यासारखे नव्हते. ते बेंद्रे यांच्या वागण्यात होते.

बेंद्रे वर्गात व्याख्यान देऊन निघून जाणारे शिक्षक नव्हते. ते विद्यार्थ्यांसमोर स्वतः चित्र काढून दाखवीत. पुढे बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांच्या ब्रशखाली पाहता पाहता आकार घेई. विद्यार्थ्यांना रंगाची निवड, ब्रशचा दाब, चूक झाली तर ती सावरण्याची रीत हे सारे डोळ्यांसमोर घडताना दिसे. हे कौशल्य इंदूरच्या उन्हात कमावलेले होते. आरंभीच्या वर्षांत ते पायाभूत अभ्यासावर भर देत. पण पाया पक्का झाला की विद्यार्थ्याला पुढे ढकलत. घनवाद करून पाहा, आकृती मोडून पाहा, रंग वस्तूपासून सोडवून पाहा, अशी मुभा तेथे होती. इतकेच नव्हे तर विद्यार्थ्यांबरोबर तेही हे प्रयोग स्वतःच्या चित्रांत करीत होते. वयाच्या चाळिशीत, नाव आणि पदके मिळाल्यानंतर, आपल्या सिद्ध झालेल्या शैलीला हात लावणे सोपे नसते. बेंद्रे यांनी तो धोका उघडपणे पत्करला.

ह्या वर्गांतून कोण बाहेर पडले ते पाहावे. पहिल्या काही वर्षांतच आलेले ज्योती भट्ट मुद्राचित्रणात अग्रगण्य ठरले आणि खेड्यापाड्यांतील भिंतींवरच्या, अंगणातल्या लोककलेची त्यांनी कॅमेऱ्याने आयुष्यभर नोंद केली. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष पुढे तंत्रमार्गी प्रतिमांच्या चित्रांसाठी ओळखले गेले. काश्मीरचेच रतन परिमू कलेतिहासाचे अध्यापक झाले. सुरेंद्रनगरहून आलेले गुलाममोहम्मद शेख चित्रकार, गुजराती कवी आणि शिक्षक अशा तिन्ही नात्यांनी मोठे झाले. हकू शाह यांनी आदिवासी आणि लोककलांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. शांती दवे भित्तिचित्रांकडे वळले, हिम्मत शाह शिल्पाकडे. ह्या सर्वांत बेंद्रे यांची नक्कल करणारा कोणी सापडत नाही. एखाद्या चित्रकाराच्या हाताखालून इतके विद्यार्थी गेले आणि त्यांतील कोणाच्याही चित्रावर गुरूची सही वाचता येत नाही, हे भारतीय कलाशिक्षणात विरळा घडलेले आहे.

१९५६ साली बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स स्थापन झाला. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र होते. एकाच भिंतीवर गुरूचे आणि शिष्याचे चित्र शेजारी शेजारी लागत होते. गुरुकुलाच्या परंपरेत वाढलेल्या समाजात ही साधी गोष्ट नव्हती. गुरूच्या चित्रापेक्षा शिष्याचे चित्र प्रेक्षकाला अधिक भावण्याची शक्यता त्यात गृहीत धरलेली होती. बेंद्रे यांनी ती शक्यता मनापासून स्वीकारली. १९५९ साली ते विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले.

पण ह्या उदारतेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईत बेंद्रे यांचे समकालीन आपापली एकेक शैली घट्ट धरून पुढे जात होते. हुसेनांचे घोडे, रझांचे पुढे आलेले बिंदू, सोझांची तुटक आणि आक्रमक रेषा, गोव्याशी कौटुंबिक नाते असलेल्या वासुदेव गायतोंड्यांचे शांत अमूर्त पट, ही ओळख दुरूनही पटते. बेंद्रे यांचे तसे झाले नाही. निसर्गचित्र, घनवादी रचना, अमूर्त प्रयोग आणि पुन्हा आकृती असा त्यांचा प्रवास वळणे घेत राहिला. १९५५ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, तरी समीक्षकांपैकी अनेकांनी त्यांना सर्व शैलींत संचार करणारा, पण कोठेही मुक्काम न करणारा चित्रकार ठरवले. कौशल्याचे कौतुक झाले आणि त्याच कौतुकात आक्षेप दडलेला होता.

हा आक्षेप निराधार नाही. बडोद्याच्या काळातील त्यांची काही चित्रे पाहताना एखादा उत्तम शिक्षक फळ्यावर मुद्दा समजावून सांगत आहे, असे वाटते. प्रश्न सुटलेला असतो, पण ज्या अस्वस्थतेतून प्रश्न पडतो ती तेथे नेहमीच जाणवत नाही. मात्र ह्या आक्षेपाकडे वर्गाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. जो चित्रकार एकाच शैलीवर ठाम असतो, तो विद्यार्थ्याला कळत नकळत तीच शैली देतो. विद्यापीठाला तसा गुरू परवडत नाही, कारण विद्यापीठात येणारी मुले चाळीस प्रकारची असतात. काश्मीरच्या मुलाला आणि सौराष्ट्रच्या मुलाला, शिल्पाकडे ओढ असणाऱ्याला आणि लेखनाकडे वळू पाहणाऱ्याला एकाच वेळी समजून घेणारा माणूस तेथे लागतो. बेंद्रे अनेक भाषा बोलत होते, म्हणून ते प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलू शकले. त्यांच्या चित्रांत जी उणीव मानली गेली, तीच त्यांच्या अध्यापनाची पात्रता होती. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या होत्या आणि एक ठेवून दुसरी टाकणे शक्य नव्हते.

१९६६ साली बेंद्रे यांनी बडोद्याचा राजीनामा दिला. सोळा वर्षांचे काम मागे ठेवून ते मुंबईत आले. पुढे सुब्रमण्यन आणि नंतर त्यांचेच विद्यार्थी यांनी ती विद्याशाखा सांभाळली, वाढवली, आणि बडोदा हे भारतीय कलेतील एक स्वतंत्र पर्व ठरले. संस्था उभारणाऱ्याने योग्य वेळी बाजूला होणे आणि त्याच्याशिवाय ती चालू राहणे, ही त्या संस्थेची खरी परीक्षा असते. बडोद्याची विद्याशाखा त्या परीक्षेत उतरली.

मुंबईत आलेले बेंद्रे ५६ वर्षांचे होते. अनेक जण ज्या वयात निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात ते पुन्हा पूर्णवेळ चित्रकार झाले. हळूहळू त्यांच्या कॅनव्हासवर ठिपके येऊ लागले. रंगाचे लहान लहान बिंदू शेजारी शेजारी ठेवून त्यांनी खेड्यातील स्त्रिया, गुरे, झाडे, बाजार, पाणवठे रंगवले. पाश्चात्त्य बिंदुवाद त्यांना ठाऊक होताच. पण ह्या ठिपक्यांत इंदूरच्या दुपारचे ऊनही होते. रंग न कालवता शेजारी ठेवायचा, डोळ्याने तो मिसळून घ्यायचा, ही देवळालीकरांची पहिली शिकवण चाळीस वर्षांच्या भ्रमंतीनंतर शांत, ठाम स्वरूपात परत आली. घनवादातून शिकलेली रचनेची शिस्तही त्यात होती. लोकांना ही चित्रे मनापासून आवडली. ज्याला मुक्काम नाही असे म्हटले गेले, त्याला साठीनंतर मुक्काम सापडला.

मानसन्मानही आले. १९६९ साली पद्मश्री मिळाली. ललित कला अकादमीने त्यांना आपले रत्नसदस्यत्व दिले. ज्या शांतिनिकेतनात ते १९४५ साली शिकण्याच्या वृत्तीने गेले होते, तेथील विश्वभारतीने १९८४ साली अवन-गगन पुरस्काराने त्यांचा गौरव केला. त्यांच्या जन्मभूमीतील सरकारने, म्हणजे मध्य प्रदेशाने, कालिदास सन्मान दिला. १९९२ साली पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत त्यांचे निधन झाले. ते ८१ वर्षांचे होते.

बेंद्रे यांना जाऊन आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांच्या कामाचे मोजमाप करताना पुरस्कारांपेक्षा एक साधी वस्तुस्थिती अधिक बोलकी वाटते. गोवा मुक्त झाल्यानंतर पणजीत कला महाविद्यालय उभे राहिले, लक्ष्मण पै यांनी १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे त्याचे प्राचार्यपद सांभाळले, आणि आज तेथील विद्यार्थी गोवा विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतात. पै स्वतः जे. जे.मध्ये शिकलेले आणि नंतर दहा वर्षे पॅरिसमध्ये राहिलेले. त्यांच्या पिढीला घर सोडल्याशिवाय शिकता आले नव्हते. सत्तरी किंवा काणकोणच्या मुलीला मात्र आता संध्याकाळच्या बसने घरी परतता येते. ह्या बदलामागे अनेकांचे श्रम आहेत. चित्र हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे ज्यांनी १९५० नंतरच्या पहिल्या दशकात कृतीने सिद्ध केले, त्यांच्यामुळे पुढच्यांचे काम सोपे झाले.

अर्थात पदवीने चित्रकार होत नाही, हेही तितकेच खरे. हुसेनांकडे अशी पदवी नव्हती आणि सोझांना तर शाळेतून अर्ध्यावरच काढून टाकण्यात आले. विद्यापीठ प्रतिभा देऊ शकत नाही. ते वेळ देते, सोबती देते, ग्रंथालय देते, चुका करण्याची सुरक्षित जागा देते, आणि नशीब असेल तर असा शिक्षक देते जो स्वतःची वाट विद्यार्थ्याच्या पायाखाली अंथरत नाही. ह्यांतील शेवटची गोष्ट कोणत्याही नियमावलीत बसवता येत नाही आणि माहितीपुस्तिकेत छापता येत नाही. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत घराघरांतून जो वाद होतो, त्यात पदवीबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जावा. तेथे शिकवते कोण, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुले एकमेकांपासून किती वेगळी झाली आहेत? बेंद्रे यांच्या वर्गाचा हिशेब ह्याच प्रश्नाने करता येतो. आपल्या मुलांच्या वर्गाचाही तसाच करावा.